एक्केचाळीस जणींच्या सह्यांची वही

उषा टोकेकर ऑगस्टातल्या एका सोमवारी सकाळी साडेदहाला दीपमाळ साख सहकारी संस्थेच्या, म्हणजे पतसंस्थेच्या, दारात पोचली, तेव्हा दाराला कुलूप होतं. कुलपावर लाखेचं सील होतं आणि शेजारी भिंतीवर हिंदीतला एक टाइप केलेला कागद चिकटवलेला होता. हिंदी मुलखातल्या या शहरात, मल्हारगंजाच्या त्या गल्लीत आधीच पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती. कुणी कागद मोठ्यानं वाचत होतं, कुणी मॅनेजरच्या घरी जाऊन आलं होतं. मॅनेजर शनिवारीच बायकामुलांसकट निघून गेला होता, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ही शहाण्णव सालची गोष्ट.

उषाच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात शनिवारी संध्याकाळी गोळा केलेले दोनशे चौदा रुपये. तेवढे भरायलाच ती आली होती. गर्दीतल्या एका ओळखीच्या माणसानं तिला पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, तुम्ही तर आतल्या. तुम्हाला तर माहीत असेल." तिला काही माहीत नव्हतं, पण ते तिथे सांगून कोण ऐकणार होतं? ती जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ बसली आणि मग घरी आली.

आठ वर्षांपूर्वी तिनं हे काम धरलं तेव्हा ते नवऱ्याच्या पगाराला जोड म्हणून. श्रीकृष्ण टोकेकर मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होता. त्याचे वडीलही त्याच मिलमध्ये कारकून होते. उषा दुपारची गल्लीगल्लीतून फिरायची आणि बायकांकडून रोजचे पाच-दहा रुपये गोळा करून दीपमाळेत भरायची. शंभरामागे तीन रुपये तिला सुटायचे. कुणी पापड लाटणारी, कुणी शिलाई करणारी, बऱ्याचशा मिलमध्येच कामाला. बँकेच्या काउंटरला या बायका बिचकायच्या, उषाला बिचकत नव्हत्या. ती त्यांच्या ओट्यावर बसायची, पाणी प्यायची, सुनेचं-सासूचं ऐकून घ्यायची, आणि उठताना लांब वही पुढे करायची.

ती वही श्रीकृष्णाची कल्पना. संस्था छापील पावती देतच होती, पण तो म्हणाला होता की टाइम ऑफिसात आमच्याकडे सहीशिवाय हजेरी लागत नाही, तू पण सहीशिवाय पैसा घेऊ नको. म्हणून वहीत तारीख, नाव, रक्कम आणि पुढे सही किंवा अंगठा. बायका हसायच्या. पाच रुपयांसाठी अंगठा काळा करायचा म्हणजे जणू जमीनच विकायची, असं सखुबाई म्हणायची. सखुबाई पाच घरचे पापड लाटून जगत होती आणि तिची जीभ तिखट होती. तरी अंगठा ती द्यायची.

एक्याण्णव संपता संपता मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एके दिवशी भोंगाच वाजला नाही. शहरात त्या काळात एकामागून एक मिली थंडावत होत्या. नव्या मोटारी आल्या, घरोघर केबल आली, आणि मिलवाली माणसं फाटकाबाहेर बसून राहिली. श्रीकृष्ण कितीतरी महिने रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जाऊन यायचा. उषानं त्याला कधी अडवलं नाही. घर शिल्लक मोडून आणि तिच्या शंभरामागच्या तीन रुपयांवर चालू लागलं, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते. मुलगी अमिता तेव्हा नऊ वर्षांची होती.

पुढे कामगारांना हिशेबाचे पैसे तुटक-तुटक मिळायला लागले. श्रीकृष्णाचे तीस हजार आले, ते उषानं अमितासाठी दीपमाळेत ठेवले. गंगूबाईचे चोवीस हजार आले. गंगूबाई रिळं भरायच्या खात्यात सव्वीस वर्षं उभी होती. नवरा कधीच गेला होता, मुलगा नंदू लोडिंग रिक्षा चालवायचा. तिच्या घराचे पत्रे जुने, पावसाळ्यात घरभर पातेली मांडावी लागत. त्या पैशातून ती पत्रेच घालणार होती. उषानंच तिला सांगितलं की दोन वर्षं ठेवा, व्याजात पत्रे निघतील आणि मुद्दल शाबूत राहील. गंगूबाईनं विचारलं होतं, "बुडणार नाही ना गं?" आणि उषा म्हणाली होती, "मी आहे ना."

त्या सोमवारी घरी आल्यावर तिनं श्रीकृष्णाला सगळं सांगितलं. तो म्हणाला की आज घरीच थांब, लोक येतील, मी बोलतो त्यांच्याशी. उषानं तोंडावर पाणी मारलं, पिशवी परत खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "लोकांनी माझ्या दारात यायच्या आधी मी त्यांच्या दारात जाते."

शनिवारचे दोनशे चौदा रुपये संस्थेत गेलेच नव्हते. ते तिनं घरोघर जाऊन जिचे तिला परत केले. कुणाचे चार, कुणाचे दहा, कुणाचे वीस. आणि प्रत्येक दारात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं की संस्था बंद झालीय, मॅनेजर पळालाय, पैसे मिळतील की नाही मला ठाऊक नाही. एक बाई तिथेच भिंतीला टेकून बसली. एकीच्या नवऱ्यानं उषाची वही हिसकून रस्त्यावर फेकली, ती तिनं उचलून झटकली. सखुबाई काही न ऐकल्यासारखी लाटत राहिली, आणि उषा वळली तेव्हा मागून म्हणाली, "तिचं कमिशन तर नाही ना बुडालं."

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. 

गंगूबाईकडे ती सगळ्यात शेवटी गेली. गंगूबाई सुपात तांदूळ निवडत होती. उषा सांगत होती तोवर तिचे हात चालूच होते. सांगून संपलं तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला. त्यानंतर ती उषाशी बोलली नाही. नळावर समोरासमोर आल्या तर पदर सावरून बाजूला व्हायची. शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं, असं उषाला कितीदा वाटलं.

वर्षभरानं सरकारनं बुडीत संस्थेचा हिशेब मिटवायला एक अधिकारी नेमला. परिसमापक, असं त्याच्या दारावर लिहिलेलं होतं. ठेवीदारांनी दावे भरायचे, संस्थेची मालमत्ता विकून येईल त्यातून वाटप व्हायचं. दाव्याचा अर्ज चार पानी आणि हिंदीत, सोबत असल पावती, शपथपत्र, ओळखीचा पुरावा. उषाच्या वहीतल्या एक्केचाळीस जणींतल्या सव्वीस जणींना सही येत नव्हती.

उषा आता घर चालवायला शिलाई घेत होती; त्यातून वेळ काढून तिनं ते अर्ज भरायला घेतले. सुरुवातीला कुणी तिच्याकडे येईना, तर ती त्यांच्याकडे गेली. पुन्हा त्याच गल्ल्या, तेच ओटे, फक्त आता कुणी पाणी विचारत नव्हतं. ती दाराबाहेर उकिडवी बसून अर्ज भरायची. मग एकेक बाई पाट पुढे सरकवू लागली. सरकारी कचेरीत जायचं तर टेम्पोत कोंबून पाच-सहा जणींना घेऊन ती जायची. तिथे बाबू म्हणायचा साहेब दौऱ्यावर गेलेत, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी म्हणायचा फोटो दोन लागतील. बायकांची दिवसाची मजुरी बुडायची. येताना त्या सगळ्या कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून घरून आणलेल्या पोळ्या खायच्या, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला सखुबाईनं न बोलता आपल्या डब्यातलं लोणचं उषाच्या पोळीवर ठेवलं.

श्रीकृष्ण या कामात शिरला तो एका अडचणीपायी. यादीत तीन सखुबाई होत्या आणि तिघींच्या नवऱ्याचं नाव एकच. बाबूनं तिन्ही अर्ज परत केले. उषा वैतागून घरी सांगत होती, तर तो खुर्चीतूनच म्हणाला, "एक पापडवाली, ती मिलमध्ये नव्हती. दुसरी सूतखात्यातली, टोकन नंबर चारशे बारा. तिसरी झाडूखात्यातली, एकोणऐंशी." मिल बंद होऊन सात वर्षं झाली होती. उषा त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला सगळ्यांचे नंबर पाठ होते. कोण कोणत्या पाळीला यायची, कुणाचं नाव हजेरीपटावर माहेरचं लागलं होतं, कुणाचं वय दोन वर्षांनी चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुनं शाईचं पेन धुऊन घेतलं. उषाच्या आठ वर्षांच्या अकरा वह्या त्यानं समोर मांडल्या आणि प्रत्येक बाईच्या नावाचं वेगळं पान करून, तारखेवार, टाइम ऑफिसातल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात नक्कल काढायला घेतली. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीपाशी बसायचा. दहाला उषा चहा ठेवायची, तो मान वर न करता कप ओढून घ्यायचा. कित्येक वर्षांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. एकदा ती उगाचच दारात उभी राहिली, त्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, पोहे टाकू का विचारायला आले.

नक्कल पुरी झाली तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. संस्थेच्या रजिस्टरात बायकांच्या रकमा अर्ध्याही नव्हत्या. मॅनेजर रोजच्या गोळा झालेल्या पैशातला मोठा भाग त्या रजिस्टरात चढवतच नव्हता. काही बायकांचं खातं तर रजिस्टरात सापडलंच नाही. पावत्यांचं म्हणावं तर कुणाची उंदरानं खाल्लेली, कुणाची पोरांनी होड्या केलेली. गंगूबाईची पावती तिनं पापडवाल्या सखुबाईच्या हाती पाठवली होती. छतातून गळलेल्या पाण्यानं ती भिजली होती आणि अक्षरं निळ्या डागात विरघळली होती. रक्कमही वाचता येत नव्हती. आता तिच्या चोवीस हजारांचा पुरावा एकच होता, उषाच्या नवव्या वहीत बत्तिसाव्या पानावर तिचा डाव्या हाताचा अंगठा.

उषा वह्या घेऊन अधिकाऱ्याकडे गेली. तो पन्नाशीचा, थकल्या चेहऱ्याचा माणूस होता. त्यानं अर्धा तास पानं उलटली. शेवटी चष्मा काढून म्हणाला, "मॅडम, ये तो बहुत काम की चीज़ है. लेकिन ये जमा करेंगी तो काग़ज़ पर आप एजंट साबित होंगी. फिर आपका अपना दावा सबसे आख़िर में जाएगा. शायद कुछ न मिले. सोच लीजिए." आणि मग आवाज खाली आणून त्यानं हेही सांगितलं की तिच्या स्वतःच्या तीस हजारांची पावती असल आहे, रजिस्टरात नोंद आहे, वह्या न देता साधी ठेवीदार म्हणून दावा केला तर तिला पहिल्या वाटपात पैसे मिळतील.

ते पैसे तिचे नव्हते, श्रीकृष्णाचे होते. एकोणीस वर्षांच्या नोकरीचं तेवढंच उरलं होतं. अमिता तेव्हा बारावीत होती आणि तिला पुढे शिकायचं होतं. उषा त्या दिवशी कचेरीतून टेम्पो न घेता चालत आली. राजवाड्याशी थांबली, थोडं इकडे-तिकडे पाहिलं, आणि उगाचच एका दुकानातून पावशेर शेव घेतली.

घरी आल्यावर तिनं अधिकारी जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं मत सांगितलं नाही. श्रीकृष्ण ताटलीत शेव घेऊन बसला होता. त्यानं विचारलं की गंगूबाईचा दुसरा काही पुरावा आहे का. ती नाही म्हणाली. आणखी किती जणींचं तसं आहे? सतरा. त्यानं बोटांना लागलेली शेव झटकली.

"दे वह्या," तो म्हणाला.

"तुमचे पैसे आहेत ते. मला काही म्हणायचा हक्क नाही."

"उषा, मिलनं मला काढलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हे निदान मी माझ्या हातानं देतोय."

मग थोड्या वेळानं तो म्हणाला की अमिताला आपणच सांगू, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. अमितानं ऐकून घेतलं आणि विचारलं की कॉलेज सकाळचं घेतलं तर दुपारी शिकवण्या करता येतील का. त्या रात्री उषा रडली, पण ते फारसं दुःखाचं रडणं नव्हतं.

वह्या जमा झाल्या. त्यानंतरही चार वर्षं गेली. मल्हारगंजातली संस्थेची इमारत विकायला कोर्टातून हुकूम यावा लागला, मग बोली लावणारा मिळेना, मग मिळाला. मॅनेजर मधल्या काळात पकडला गेला, जामिनावर सुटला. एक्केचाळीसमधल्या तिघी वारल्या, त्यांच्या वारसांचे अर्ज नव्यानं भरावे लागले. उषाचे केस पांढरे झाले. एका कपड्याच्या दुकानात हिशेब लिहायचं काम श्रीकृष्णाला लागलं होतं, दमाही जडला होता, तरी बुधवारची सकाळ तो मागून घ्यायचा, कारण बुधवार कचेरीचा.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात वाटप झालं. रुपयाला पंचावन्न पैसे. कमीच होते ते, पण बायकांनी कधीच आशा सोडून दिली होती, त्यांना ते पुष्कळ वाटले. कचेरीच्या व्हरांड्यात रांग लागली. प्रत्येकीला चेक घेताना ओळख पटवणारा साक्षीदार लागत होता, आणि बहुतेकींनी उषाचंच नाव दिलं होतं. ती सकाळपासून टेबलाशी उभी राहून सह्या करत होती.

गंगूबाई नंदूबरोबर आली. ती वाकली होती, काठी आली होती हातात. तिची पाळी आली तेव्हा उषा आपण होऊन एक पाऊल मागे सरली. नंदूनं साक्षीदार म्हणून सही करावी असं तिला वाटलं. पण वारसाची साक्ष चालत नाही, असं बाबू म्हणाला. त्यानं उषाकडे बोट केलं आणि गंगूबाईला विचारलं, "अम्मा, इनको पहचानती हो?"

गंगूबाईनं उषाकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

"घरची आहे," ती मराठीतच म्हणाली.

बाबूला तेवढं मराठी कळत होतं. उषानं सही केली. तेरा हजार दोनशेचा चेक नंदूनं घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. जिन्याच्या पायऱ्या उतरताना गंगूबाईनं एका हातानं काठी धरली आणि दुसरा हात न विचारता उषाच्या खांद्यावर ठेवला. खाली आल्यावर गंगूबाईनं एवढंच विचारलं की श्रीकृष्णरावांचा दमा कसा आहे.

पावसाळ्याआधी तिच्या घरावर नवे पत्रे बसले.

उषाचा दावा विचाराधीन राहिला. दुसरं वाटप कधी झालंच नाही, आणि ते तीस हजार शेवटपर्यंत आले नाहीत. अमितानं शिकवण्या करत बी.कॉम. पूर्ण केलं, एका शाळेच्या ऑफिसात लागली. गल्लीतल्या बायकांनी मधे एकदा उषाला गळ घातली की आता तुम्हीच भिशी सुरू करा, आम्ही फक्त तुमच्याकडे देऊ. तिनं हात जोडले. म्हणाली, परत कुणाचा पैसा माझ्या पिशवीत नको. त्याऐवजी ती एकेकीला घेऊन पोस्टात गेली आणि जिचं तिच्या नावाचं खातं उघडून दिलं. ज्या बायका काउंटरला बिचकायच्या त्या आता पोस्टातल्या बाबूशी हुज्जत घालू लागल्या, आणि ते ऐकताना तिला मनापासून हसू यायचं.

दोन हजार चारच्या वैशाखात अमिताचं लग्न ठरलं. मुलगा साधा, सिमरोलकडच्या शाळेत शिक्षक. मोठं कार्यालय परवडणारं नव्हतं, म्हणून एका शाळेचा हॉल घेतला आणि दीडशे पानांचा आचारी ठरवला. आदल्या दिवशी आचाऱ्याचा निरोप आला की त्याचा भाऊ गेला, तो येऊ शकत नाही. श्रीकृष्ण दुसरा आचारी शोधायला छावणीपासून परदेशीपुऱ्यापर्यंत फिरून आला. लग्नसराई होती, कुणी मोकळा नव्हता.

बातमी गल्लीत कशी गेली कुणास ठाऊक. लग्नाच्या दिवशी पहाटे उषा हॉलवर पोचली तर मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. सव्वीस-सत्तावीस बायका पदर खोचून कामाला लागलेल्या. सूतखात्यातली सखुबाई पीठ मळत होती. पापडवाली सखुबाई जिलेबीच्या कढईवरून एका तरुण सुनेला दटावत होती. मधोमध एका खुर्चीत गंगूबाई काठी आडवी धरून बसली होती आणि कुणी काय करायचं ते सांगत होती, मिलमधल्या खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरसारखी.

उषानं पदर खोचला आणि भाज्यांच्या टोपलीकडे गेली. गंगूबाईनं काठीनं तिला अडवलं.

"तू इथे नको," ती म्हणाली. "तोंड धू, साडी बदल. मुलीची आई आहेस आज."

उषा तरीही तिथेच घुटमळत राहिली. मग आतून श्रीकृष्णाची हाक आली, गुरुजी आले होते. ती वळली आणि आत गेली. मागे चुलीवर तेल तापल्याचा वास पसरला होता आणि सखुबाईचा तिखट आवाज, की पाक नीट बघा, मुलगी आपली आहे.